दीडशे फटके आणि एक कॉरोनर

लंडनजवळच्या हाउन्स्लोची घोडदळाची छावणी. जुलै १८४६. सातव्या हुसार पलटणीतला शिपाई फ्रेडरिक व्हाइट मरण पावला आहे. दारूच्या नशेत त्यानं सार्जंटला सळईनं मारलं, म्हणून १५ जूनला त्याच्या उघड्या पाठीवर नऊ पदरी चाबकाचे १५० फटके ओढले होते.

लष्करी डॉक्टरांनी लिहून दिलं : हृदय आणि फुफ्फुसाचा दाह, फटक्यांशी संबंध नाही. पण हेस्टनच्या धर्मगुरूंच्या मनात पाल चुकचुकली. दफन उरकण्याआधी त्यांनी कॉरोनरला कळवलं.

मुंबईकरांना हे पद परकं नाही. आपल्याकडे ते १९९९ पर्यंत होतं. कुणी अचानक किंवा संशयास्पद रीतीनं दगावलं, की कॉरोनरनं स्थानिक पंच जमवून चौकशी करायची. त्या काळी शवागारं जवळपास नव्हतीच, त्यामुळे चौकशी बहुधा जवळच्या दारूगुत्त्यात बसे. पंचांनी आधी प्रेत पाहायचं, मग साक्षी ऐकायच्या.

कॉरोनर सहसा वकील असत. वेस्ट मिडलसेक्सचे थॉमस वॅकली मात्र सर्जन होते, ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकाचे संस्थापक. मरणाचं कारण ठरवायला शरीर कळायला हवं, हा त्यांचा हट्ट. १८३९ मध्ये ते या पदावर निवडून आले.

लष्कराच्या दाखल्यावर वॅकली थांबले नाहीत. त्यांनी त्वचारोगांचे जाणकार इरॅस्मस विल्सन यांना बोलावलं. विल्सन पाठीच्या कण्यालगत खोलवर गेले. तिथे, बरगड्यांजवळ, स्नायूचा एक भाग लिबलिबीत झालेला सापडला. चाबूक बसताना अंग जोरानं आक्रसतं, त्या ताणानंच ही इजा झाली, अशी साक्ष त्यांनी दिली. फटके बसले नसते तर व्हाइट जगला असता, असंही सांगितलं. सगळ्या डॉक्टरांना हे पटलं नाही, वादही झाले. तरी एका साध्या शिपायाच्या मरणाचा जाब लष्कराला भर सभेत द्यावा लागला. वॅकलींचं मोठेपण आम्हाला इथे दिसतं.

पंचांनी निकाल दिला : मृत्यू फटक्यांमुळेच. शिवाय त्याच निकालात देशातल्या जनतेला आवाहन केलं, की ही अमानुष शिक्षा बंद व्हावी म्हणून संसदेकडे अर्ज करा.

त्याच वर्षी फटक्यांची कमाल मर्यादा ५० वर आली. ब्रिटिश सैन्यातून ही शिक्षा उठायला मात्र १८८१ साल उजाडलं.