आधी खुर्ची, मग गोळा

(माजी सैनिकांसमोर बेळगावात दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

मंडळी, मराठा सेंटरच्या, म्हणजे मराठा रेजिमेंटच्या प्रशिक्षण केंद्राच्या या गावात फौजी घरोघरी आहेत. पाय गमावून परतलेल्याला पेन्शन मिळते, कृत्रिम पायही मिळतो. पहाटे पाचला उठायचं कारण मात्र त्याचं त्यालाच शोधावं लागतं. नागालँडचे जवान होकाटो सेमा यांचा पाय 2002 मध्ये सुरुंगस्फोटात गेला. त्यांनी गोळाफेकीचा गोळा हातात घेतला 2016 मध्ये, वयाच्या बत्तिशीत, आणि 2024 च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये 14.65 मीटरवर कांस्य मिळवलं. तेव्हा ‘आता वय झालं’ हे मी ऐकून घेणार नाही.

त्यांच्या एफ-57 या दिव्यांग खेळाडूंच्या गटात गोळा बसून फेकतात, पुरुषांसाठी वजन 4 किलो. म्हणून पहिलं काम खुर्चीचं. प्लॅस्टिकच्या खुर्चीवर सराव करू नका. ती सरकते आणि सगळा जोर तिथंच मुरतो. आपल्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या कुठल्याही फॅब्रिकेटरकडून लोखंडी चौकट करून घ्या. गादीसकट उंची 75 सेंटिमीटरच्या आत, बैठकीची प्रत्येक बाजू किमान 30 सेंटिमीटर. स्प्रिंग नको, हलणारा सांधा नको. मोकळ्या हातानं धरायचा दांडा सरळ, एकसंध, गोल किंवा चौकोनी. तो घाईनं वेल्ड करू नका. आधी क्लॅम्पनं बांधून पंचवीस-तीस फेकी करा, हात कुठं बसतो ते बघा, मगच पक्का करा. दांडा लवला, की ओढ वाया गेलीच म्हणून समजा.

खुर्ची जमिनीला बांधायला ट्रकवरचा माल आवळतात तो रॅचेट पट्टा चालतो. पण पावसाळ्यात आपल्या लाल मातीत ठोकलेली पहार हळूहळू ढिली होते. काँक्रीटचा ओटा घालून त्यात चार कड्या बसवा. पट्टे दर पाच फेकींनी पुन्हा आवळा.

चूक सर्वांत जास्त होते ती बैठकीत. जोर लावताना माणूस नकळत उठतो. गुडघ्यामागून नितंबापर्यंत मांडी बैठकीला टेकलेलीच हवी. सुटली की फाऊल. मांडीवरचा पट्टा घट्ट असला तर ही सवय लवकर मोडते. दुसरी चूक खांद्याची. गोळा मानेपासून सुटला आणि कोपर खाली आलं, की तो ढकलला जात नाही, चेंडूसारखा फेकला जातो. मग खांदा दुखावतो. शिवाय व्हीलचेअर ढकलून खांद्याची पुढची बाजू आधीच थकलेली असते. म्हणून जेवढं ढकलाल त्याच्या दुप्पट रबरी पट्टा मागं ओढा. सुरुवात 2 किलोच्या गोळ्यानं, आठवड्यातून तीन दिवस, दिवसाला वीस फेकी.

आणि ठुंठ्याची, म्हणजे पायाच्या उरलेल्या भागाची काळजी. एप्रिल-मेमध्ये लायनरमध्ये, म्हणजे ठुंठ्यावर चढवायच्या मऊ आवरणात, घाम साचतो, कातडी मऊ पडते आणि सोलवटते. सराव मध्येच थांबवा, लायनर काढून पुसा. ठुंठा रात्री धुवा, सकाळी नको. ओली कातडी फुगते आणि सॉकेटमध्ये, म्हणजे कृत्रिम पायाच्या ठुंठा बसतो त्या खोबणीत, घासते. खालची बाजू रोज आरशात बघा. कृत्रिम पाय काढल्यावर वीस मिनिटांतही लाली गेली नाही, तर त्या दिवशी सराव बंद, आणि सॉकेट करून देणाऱ्याला दाखवायचं.