अण्णा रात्री किती वेळा उठतात?

नमस्कार मेलबर्नकर मंडळी. माझ्या ओठावर हे जे काही उगवलंय, त्याबद्दल आधीच माफी मागतो. मघाशी फराळाच्या रांगेत एका वहिनींनी काळजीने विचारलं, "भावजी, तब्येत बरी आहे ना?"

तब्येत बरी आहे. ऑफिसातल्या पोरांच्या नादाने १ नोव्हेंबरला मी तीस वर्षांची मिशी उतरवली. मोव्हेंबर म्हणजे पुरुषांच्या आरोग्यासाठी नोव्हेंबरभर मिशी वाढवायची मोहीम, तिचा नियमच तसा आहे. पहिल्या तारखेला तोंड गुळगुळीत हवं, मग महिनाभर मिशी वाढवायची. दाढी चालत नाही. संध्याकाळी नेहमीप्रमाणे साताऱ्याला व्हिडिओ कॉल लावला. आईने माझं तोंड बघितलं आणि तिचा आवाजच गेला. "कोण गेलं रे?"

अण्णा मागे पेपर वाचत बसले होते. म्हणाले, "मी आहे अजून. नीट बघ."

आई हसली नाही. "बाप जिवंत असताना मिशी काढलीस? तीपण शनिवारी?" आणि फोन बंद. इकडे बायको म्हणाली, "आधी त्यांच्या कानावर घालायचं, एवढंही सुचलं नाही?" तेव्हापासून मी दोन्ही गोलार्धांत दोषी आहे.

दुसऱ्या दिवशी आईची समजूत घालायला बसलो. म्हटलं, हे पुरुषांच्या आजारांसाठी असतं. "कुठल्या आजारांसाठी?" इथे माझं मराठी संपलं. आपल्या गणपतीत माइक हातात आला की मला खाली बसवावं लागतं, हे तुम्ही जाणताच. आईपुढे मात्र "प्रोस्टेट, म्हणजे ते... लघवीचं" एवढंच निघालं. तीच म्हणाली, "बरं बरं, राहू दे."

अकरा वर्षांची लेक शेजारी गृहपाठ करत होती. वहीतून मान वर न करता म्हणाली, "बाबा, मग आजोबांना विचारलंस का, ते रात्री चार-चार वेळा का उठतात?"

गेल्या हिवाळ्यात अण्णा तीन महिने आमच्याकडे होते, तिच्या शेजारच्या खोलीत. फ्लशचे आवाज तिने मोजले होते. मी त्यांना जास्तीचं पांघरूण नेऊन दिलं होतं.

मोव्हेंबर आपल्याच मेलबर्नचा, हे किती जणांना माहीत आहे? २००३ साली ट्रॅव्हिस गारोन आणि ल्यूक स्लॅटरी हे दोन मित्र बिअर पीत बसले होते. इथे मिशीला 'मो' म्हणतात. गेलेली फॅशन परत आणू या, अशी थट्टा निघाली. एका मित्राची आई तेव्हा स्तनांच्या कॅन्सरसाठी निधी गोळा करत होती. त्यावरून म्हणाले, आपण पुरुषांसाठी करू. तीस जणांनी दहा-दहा डॉलर भरून मिशा वाढवल्या. पुढच्या वर्षी प्रोस्टेटच्या, म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या ग्रंथीच्या, कॅन्सरसाठी ५४,००० डॉलर जमले. आता जगभर चालतं, आणि प्रोस्टेटबरोबर वृषणाचा कॅन्सर, आत्महत्या हेही विषय त्यात आहेत. वृषणाचा कॅन्सर तरुणांना गाठतो. मागच्या बाकांवर बसलेल्या मुलांनो, गाठ लागली तर गूगलला नाही, डॉक्टरांना दाखवा. हसू नका. की हसा, पण दाखवा.

आपल्या पुरुषांचं मला नवल वाटतं. शुगरचा तीन महिन्यांचा आकडा आपण क्रिकेटच्या स्कोअरसारखा सांगतो. कोलेस्टेरॉलवर वाद घालतो. पण कंबरेखाली आपल्याला शरीरच नाही. पन्नाशीला सरकारकडून आतड्याच्या कॅन्सरच्या तपासणीचं पाकीट टपालाने घरी येतं. किती जणांनी वापरलं, हात वर करा... बघा. माझं दोन वर्षं ड्रॉवरमध्ये आहे, आईने दिलेल्या हळदीकुंकवाच्या पुड्यांखाली.

प्रोस्टेटसाठी तसं पाकीट येत नाही, आपणच जाऊन विचारावं लागतं. पीएसए ही रक्ताची साधी तपासणी आहे. आकडा वाढला म्हणजे कॅन्सरच असं नाही, आणि सुरुवातीला बहुतेकदा काही जाणवतही नाही. रात्री उठणं हे बहुतेक वेळा वयाने ग्रंथी वाढल्याचं असतं, कधी शुगरचं. म्हणजे अण्णांना काही नसेलही. पण तपासणी केव्हा करायची, करायची की नाही, हे डॉक्टरांशी बोलल्याशिवाय कसं ठरणार? वडिलांना किंवा सख्ख्या भावाला झाला असेल तर आपला धोका साधारण दुप्पट होतो, म्हणून डॉक्टर पहिलं विचारतात, घरात कुणाला होता का?

मला सांगता आलं नाही. मी सातवीत असताना धाकट्या काकांना टाटाला नेलं होतं. घरात सगळे हळू बोलायला लागले, आम्हा मुलांना अंगणात पाठवलं. कशाचा होता, ते आजही मला ठाऊक नाही. या हॉलमध्ये असे अंगणात पाठवलेले किती असतील!

आईचा राग आता उतरलाय. मिशी "निदान परत तरी येतेय" म्हणते. अण्णांना मी तीनदा डॉक्टरांकडे जायला सांगितलं. पहिल्यांदा म्हणाले, "वयाचं आहे." दुसऱ्यांदा, "दिवाळी होऊ दे." गेल्या रविवारी म्हटलं, अण्णा, तुळशीचं लग्नसुद्धा झालं.

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "तू बावन्नचा झालास ना? तुझी झाली का तपासणी?"

मी म्हटलं, अण्णा, आवाज तुटतोय, नंतर करतो. लेक शेजारीच बसली होती. आमचं वायफाय उत्तम चालतं, हे तिला माहीत आहे.