अंबाजोगाई: शांत आहे, पण चौकशी लई

पुण्या-मुंबईहून कोणी आलं की दोन दिवसांत म्हणतंच, काय शांत आहे रे तुमच्याकडं. आहे की. पण इथं टपरीवर उभं राहून बघा, चहा यायच्या आधीच शेजारचा विचारतो, ''कुणाचा रे तू? कधी आलास? किती दिवस हायस?'' आणि नाव सांगितलं की तुमच्या आजोबांची नोकरी, जुना वाडा, विकलेलं रान, सगळं तोच तुम्हाला सांगतो.

बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या डोंगरात वसलेलं हे शहर. गाव म्हणू नका, लोकांना राग येतो. 2011 च्या जनगणनेत वस्ती पाऊण लाखाच्या आतबाहेर. निजामाच्या काळात याला मोमिनाबाद म्हणायचे, घोडदळाची छावणी होती इथं. स्वामी रामानंद तीर्थ हैदराबादच्या लढ्यात उतरायच्या आधी इथल्याच शाळेत शिकवायचे.

योगेश्वरी म्हणजे कोकणस्थांची कुलदेवी, म्हणजे देवी आमच्याकडं आणि निम्मे भक्त घाटाखाली. तिचं लग्न परळीच्या वैजनाथाशी ठरलं होतं म्हणतात, मुहूर्त टळला आणि वऱ्हाडाचा दगड झाला, इथल्या हत्तीखान्याच्या लेण्यातले दगडी हत्ती त्याच वऱ्हाडातले. आता कुठलाही कार्यक्रम तासभर उशिरा सुरू झाला की कोणीतरी हीच गोष्ट काढतंय.

दुपारी बाजार पेंगतो. पण सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यापुढं या. केज, धारूर, परळीकडून पेशंट येतात, एका पेशंटमागं चार नातेवाईक, पोर्चमध्ये सतरंजी टाकलेली, स्टीलच्या डब्यात भाकरी न् ठेचा, एक जण फाईल घेऊन पळतोय, बाकीचे शेजारच्या सतरंजीवाल्याला विचारायलेत तुमचं काय झालंय. तिथं शांतता नसते, रात्री दोनला पण नसते.

पोरींना विचाराल तर ही शांतता जरा वेगळी दिसते. स्कूटीवर क्लासच्या पोरासोबत दोन मिनिटं बोलत थांबली, तर ती घरी पोचायच्या आत कुठल्यातरी काकूंचा आईला फोन झालेला असतो. आणि त्याच काकू वडील ॲडमिट असले की आठ दिवस डबा पाठवतात, हेही खरंय, आता काय बोलणार.

पोरं मात्र थांबत नाहीत. दहावी झाली की लातूर, पुढं पुणे. रात्री ट्रॅव्हल्सपाशी रोजचंच, आई ज्वारीच्या पिठाची पिशवी सीटखाली सरकवती, वडील ड्रायव्हरला सांगतात लेकरू झोपंल, स्वारगेटला उठवा. रेल्वे शहरात नाहीच, परळी नाहीतर घाटनांदूर गाठावं लागतं. पाण्याचं म्हणाल तर मुख्य मदार मांजरा धरणावर. 2016 ला मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी न्यावं लागलं तेव्हा टीव्हीवर लातूरच दिसलं, पण धरण आमचं पण तेच होतं.

आणि अंबाजोगाई जिल्हा व्हावा ही मागणी तर कित्येक वर्षांची आहे, मोर्चे झाले, बंद झाले, निवडणुकीत आश्वासनं झाली. जिल्हा झाला की ऑफिसं येतील, प्लॉटचे भाव चढतील, ट्रॅफिक होईल, हे सगळ्यांना कळतंय. तरी इथल्या शांततेचं कौतुक करणारेच मोर्चात सगळ्यात पुढं असतात.