हाफ इंजिन की नुसतं गॅस्केट?

(मांजरी. सकाळ. पिकअपचं बॉनेट उघडं, कॅमेरा रेडिएटरच्या तोंडावर.)

हे बुडबुडे बघा. झाकण इंजिन थंड असतानाच काढलंय, गरम असताना काढलं तर उकळतं पाणी थेट तोंडावर उडतं, तर झाकण काढलं, सेल्फ मारला आणि लगेच पाणी असं खदखदायला लागलं. हे पाणी उकळत नाहीये. थंड डिझेल इंजिन अर्ध्या मिनिटात उकळत नसतं. सिलेंडरमधला गॅस कुठून तरी पाण्यात शिरतोय.

गाडी दादांची, 2006 सालची. खेड शिवापूरकडून भाजी भरून येताना कात्रजच्या जुन्या घाटात होज फुटला, पाणी गेलं, काटा लाल झाला आणि माल नासेल म्हणून दादांनी गाडी तशीच वर ओढली. गॅरेजवाल्याने आवाज ऐकला, सायलेन्सरचा पांढरा धूर बघितला आणि सांगितलं, हाफ इंजिन करावं लागेल. म्हणजे लाइनर, पिस्टन, रिंगा, सगळंच. कॉम्प्रेशन गेज लावला नाही, ऑइलची दांडीसुद्धा काढून बघितली नाही.

स्वतः करायचं की गॅरेजला द्यायचं, हा प्रश्न इथे येतो, पण खरं सांगायचं तर तो इतक्या लवकर विचारायचाच नसतो. आधी काय बिघडलंय ते कळू दे.

(काका पान्यांची पेटी उघडतात.)

हे काका. चिंचवडला टूलरूममध्ये आयुष्य गेलं, आता रिटायर. पुण्यात असे हात गल्लोगल्ली सापडतात आणि त्याला कारण आहे. खडकीत किर्लोस्कर ऑइल इंजिन्स 1946 पासून, कोथरूडला किर्लोस्कर कमिन्स 1962 मध्ये आली, पिंपरीत टेल्को, म्हणजे आजची टाटा मोटर्स, तिथे 1986 ला 407 ट्रक आला आणि 1988 ला टाटामोबाइल 206 पिकअप. दोन-तीन पिढ्या या गावाने डिझेल इंजिनं बनवली, खोलली, परत बसवली. ही विद्या आपल्या दारात असताना आपण न बघताच गाडी सोडून येतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

काकांनी पहिल्यांदा चालू इंजिनवर ऑइलचं झाकण सैल केलं. तिथून धूर फेकत असेल तर बॅक कॉम्प्रेशन, म्हणजे सिलेंडरमधला गॅस पिस्टनच्या रिंगांवरून खाली गळतोय, रिंगा गेल्या. इथे जवळपास काहीच नाही. ऑइलची दांडी काढली, ऑइल काळं, दुधाळ चहासारखं झालेलं नाही, म्हणजे पाणी ऑइलमध्ये गेलेलं नाही. मग एकेक नोझल, म्हणजे सिलेंडरमध्ये डिझेल फवारणारा भाग, काढून त्या भोकात कॉम्प्रेशन गेज, सिलेंडरमधला दाब मोजायला. एक नंबरला 27 किलो. चारला 26. आणि मधले दोन आणि तीन, दोन्ही 17 च्या आत.

"शेजारशेजारचे दोनच पडलेत ना, मग बघ, गॅस्केट त्या दोघांच्या मधे जळलंय," काका म्हणाले. "रिंगा गेल्या असत्या तर मीच म्हटलं असतं, दादा, गॅरेजला दे."

गॅस्केट म्हणजे सिलेंडरांवरचं झाकण, म्हणजे हेड, आणि खालचं इंजिन यांच्या मधला गॅस-पाणी अडवणारा पातळ थर. तेव्हा कुठे ठरलं. हेड आपण उतरवायचं.

(पुठ्ठ्यावर ओळीने खोचलेले पुशरॉड.)

हा पुठ्ठा म्हणजे या सगळ्या कामातली सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात महत्त्वाची वस्तू. आठ भोकं, आठ पुशरॉड, म्हणजे व्हॉल्व्ह उघडायला लागणारे दांडे, जो जिथून निघाला तो तिथेच परत जाणार, कारण इतक्या वर्षांत प्रत्येक जण आपापल्या जागेला घासून बसलेला असतो. हेडचे बोल्ट सोडताना कडेकडून मधे यायचं, आवळताना मधून कडेला जायचं, आणि तेही एका दमात नाही, टप्प्याटप्प्याने. गोट्यांचा, म्हणजे सॉकेटचा, सेट दादांनी मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारातून आणला, बुधवार-रविवार भरतो तो, पण टॉर्क रेंच, म्हणजे बोल्ट किती जोराने आवळला ते दाखवणारा पाना, मात्र नवीन घेतला. जुन्या टॉर्क रेंचवर भरवसा ठेवून हेड आवळू नका, तो काटा खरं बोलतोय की खोटं हे कळत नाही.

(हेड उचललं जातं. गॅस्केट जवळून.)

दोन आणि तीनच्या मधली ही काळी रेघ.

हेडवर पट्टी उभी धरून खाली फिलर गेज सरकवला, मधे फट निघाली, म्हणजे हेड वाकलंय. हे काम घरी होत नाही. हेड भोसरीला फेसिंगला, म्हणजे तासून सपाट करायला, गेलं. मिलिंगवर किती पापुद्रा काढायचा तेही मोजूनच, कारण डिझेलला पिस्टन आणि हेड यांच्यात जागा अगदीच कमी असते, बऱ्याच इंजिनांना म्हणूनच गॅस्केट वेगवेगळ्या जाडीत मिळतं. आमचं नाना पेठेत मिळालं, जुनं सोबत नेऊन मापाला माप लावून.

नोझल कॅलिब्रेशनला दिले. इथे हट्ट नको. या जुन्या मेकॅनिकल नोझलचा फवारासुद्धा साधारण 200 बारला सुटतो, हात आडवा आला तर डिझेल कातडीतून आत घुसतं आणि बोट जायची वेळ येते. नव्या कॉमन रेल गाड्यांत प्रेशर 1,000 बारच्या वर, ती लाइन अंगणात उघडू नका.

(डिझेल फिल्टर. प्रायमरवर दादांचा हात.)

सगळं बसलं, टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची फट, सेट झाले, आता डिझेलच्या लाइनमधली एअर काढायची. फिल्टरवरचा स्क्रू सैल करून प्रायमर, म्हणजे हातपंप, मारत राहायचा, आधी नुसता फेस येतो, मग फेस आणि डिझेल, मग स्वच्छ धार. धार आली की स्क्रू आवळायचा.

(सेल्फ. दादांचा चेहरा. इथे निवेदन नाही.)

नऊ दिवस गाडी उभी होती, तेवढे दिवस टेम्पो भाड्याने, तरी सगळं धरून खर्च गॅरेजच्या एस्टिमेटच्या निम्म्याच्या आत. आठ वर्षांपुढच्या मालवाहू गाडीला दरवर्षी पासिंग लागतं, तेही झालं.

(मार्केट यार्ड. गाडी मागे घेतली जातेय.)

पाण्याचे होज दादांनी सगळेच नवीन टाकले. एक जास्तीचा आणलाय, तो सीटच्या मागे असतो, पाच लिटरच्या पाण्याच्या कॅनशेजारी.