पाइप शाबूत, पंप कोरडे

[दृश्य: पहाट. ओस महामार्ग, दूरवर तेलाच्या टाक्यांचे दिवे.]

७ मे २०२१, शुक्रवार. पहाटे ५ वाजायच्या आत कलोनियल पाइपलाइन कंपनीच्या एका कर्मचाऱ्याला संगणकाच्या पडद्यावर खंडणीची चिठ्ठी दिसली. ६ वाजून १० मिनिटांपर्यंत अख्खी पाइपलाइन बंद करण्यात आली होती.

ही पाइपलाइन टेक्सासमधल्या ह्यूस्टनपासून न्यू जर्सीतल्या लिंडनपर्यंत जाते. लांबी ५,५०० मैल, म्हणजे साधारण ८,८५० किलोमीटर. त्यातून रोज सुमारे २५ लाख बॅरल पेट्रोल, डिझेल आणि विमानाचं इंधन वाहतं. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याची जवळजवळ ४५ टक्के गरज हीच भागवते.

आणि या पाइपला काहीही झालेलं नव्हतं. कुठे गळती नाही, स्फोट नाही. डार्कसाइड नावाची टोळी शिरली होती ती कार्यालयाच्या संगणकांत, जिथे बिलं आणि हिशेब असतात. तिथली माहिती कुलूपबंद करून तिनं खंडणी मागितली होती. वापरात नसलेलं एक जुनं व्हीपीएन खातं, म्हणजे बाहेरून कंपनीच्या संगणकांत शिरायचा मार्ग, उघडं राहिलं होतं आणि त्याला पासवर्डशिवाय दुसरी कुठलीही पडताळणी नव्हती. महिन्याभरानं कंपनीचे प्रमुख जोसेफ ब्लाउंट सिनेटसमोर म्हणाले की पासवर्ड काही सोपा नव्हता, बराच गुंतागुंतीचा होता. असेल. पण कुलूप कितीही भारी असलं, तरी किल्ली चोराच्या हातात पडल्यावर त्याचं कौतुक कोण करणार?

हा संसर्ग पंप आणि झडपा चालवणाऱ्या यंत्रणेपर्यंत पोचू नये म्हणून कंपनीनं स्वतःच प्रवाह थांबवला. खंडणीही लगोलग भरली. ७५ बिटकॉइन, त्या दिवशीच्या भावानं सुमारे ४४ लाख डॉलर. मोबदल्यात मिळालेलं कुलूप उघडण्याचं साधन इतकं संथ निघालं की कंपनीला स्वतःच्या बॅकअपवरच भिस्त ठेवावी लागली.

[दृश्य: वायदे बाजाराचे हलते आकडे.]

अशा वेळी गुंतवणूकदार आधी बघतात तो कंपनीचा शेअर. इथे तो नव्हताच. कलोनियल शेअर बाजारात नोंदलेली नव्हती, तिचे मालक मोजून पाच. सर्वांत मोठा वाटा कोक (Koch) या अमेरिकी उद्योगसमूहाचा. केकेआर या अमेरिकी गुंतवणूक कंपनीच्या जोडीला दक्षिण कोरियाचा राष्ट्रीय पेन्शन निधी, शिवाय कॅनडातल्या क्यूबेक प्रांताचा पेन्शन निधी, ऑस्ट्रेलियाची गुंतवणूक कंपनी आयएफएम आणि तेल कंपनी शेल. म्हणजे कोरियातल्या आणि कॅनडातल्या निवृत्तांचा पैसा या पाइपमध्ये गुंतलेला, पण शुक्रवारी कुणाच्याही पडद्यावर लाल आकडा उमटला नाही.

आकडे हलले ते दुसरीकडे. रविवारी रात्री बाजार उघडताच पेट्रोलचे वायदे, म्हणजे पुढच्या तारखेच्या मालाचे आज ठरणारे भाव, उसळले. सोमवार संपेपर्यंत ती उसळी बरीचशी विरली, कारण पाइपलाइन आठवडाअखेर बऱ्यापैकी सुरू होईल असं कंपनीनं सांगितलं. खरा खेळ दोन टोकांच्या भावांतल्या फरकाचा होता. टेक्सासच्या किनाऱ्यावर पेट्रोल तुंबलं, तिथे भाव नरमला आणि काही रिफायनऱ्यांना उत्पादन आवरावं लागलं. न्यूयॉर्ककडे तेच पेट्रोल महागलं. मधली दरी दिसताच व्यापाऱ्यांनी जहाजं ठरवायला सुरुवात केली, काही तुंबलेलं इंधन साठवायला, काही युरोपातून नवं आणायला. सायबर सुरक्षा विकणाऱ्या कंपन्यांकडेही गुंतवणूकदारांचं लक्ष वळलं.

[दृश्य: पंपावरची रांग. नोझलवर पिवळी पिशवी.]

पंपावर मात्र चित्र वेगळं होतं. शार्लट, रॅली, अटलांटा या शहरांच्या भागात आपली मराठी कुटुंबंही बरीच, तीही त्याच रांगांत. १२ मेला देशभरातला सरासरी भाव गॅलनला ३ डॉलरच्या वर गेला, २०१४ नंतर पहिल्यांदा. फ्लोरिडाला बहुतेक इंधन जहाजानं येतं, तरी तिथेही झुंबड. लोक हाताला येईल त्या भांड्यात पेट्रोल भरू लागले, तेव्हा ग्राहक सुरक्षा आयोगाला जाहीर सांगावं लागलं की प्लास्टिकच्या पिशव्यांत पेट्रोल भरू नका. हसू येतं, पण जानेवारी २०२४ मध्ये टँकरचालकांच्या संपाच्या बातमीनं महाराष्ट्रातल्या पंपांवर काय झालं होतं, ते आठवलं की हसू आवरतं.

१२ मेच्या संध्याकाळी पाइपलाइन सुरू झाली. तरी दोन दिवसांनी राजधानी वॉशिंग्टनमधले ८५ टक्क्यांहून अधिक पंप कोरडेच होते. कारण पाइपमधलं पेट्रोल ताशी ५ ते ८ किलोमीटरनं सरकतं, माणूस भराभर चालतो तेवढंच. ह्यूस्टनहून न्यूयॉर्क बंदरापर्यंत साधारण साडेअठरा दिवस लागतात.

पंपमालकाची कमाई पेट्रोलवर फारशी नसतेच. ती आतल्या दुकानात, कॉफी आणि थंड पेयांवर. नोझल कोरडं, तर दुकानात कोण शिरणार? शार्लटहून निघणाऱ्या दोन लांब पल्ल्याच्या विमानांना अमेरिकन एअरलाइन्सनं वाटेत इंधनासाठी उतरवलं. जॉर्जियानं पेट्रोलवरचा कर तात्पुरता सोडला, म्हणजे तो भार राज्याच्या तिजोरीवर.

[दृश्य: न्याय विभागाची इमारत.]

७ जूनला न्याय विभागानं ६३.७ बिटकॉइन परत मिळवल्याचं जाहीर केलं. नाणी जवळजवळ ८५ टक्के, पण मधल्या काळात बिटकॉइन घसरला होता, त्यामुळे हाती आले सुमारे २३ लाख डॉलर, दिल्याच्या निम्मे. पाइपलाइन कंपन्यांना सायबर हल्ला १२ तासांत कळवण्याची सक्ती झाली, तीही या घटनेनंतरच. तोवर बराचसा कारभार ऐच्छिक मार्गदर्शक तत्त्वांवर चालला होता.

मे २०२२ मध्ये नियामकांनी कंपनीला ९,८६,४०० डॉलरचा दंड प्रस्तावित केला. पाइपलाइन हातानं पुन्हा चालू करण्याची तयारी अपुरी होती, हा त्यातला एक ठपका. धंदा बुडालेल्या पंपमालकांनी आणि महाग पेट्रोल घेतलेल्या ग्राहकांनी भरपाईसाठी दावे लावले. अटलांटातल्या फेडरल न्यायालयानं ते त्याच वर्षी फेटाळले.

एप्रिल २०२५ मध्ये पाचही मालकांनी आपले वाटे ब्रुकफील्ड या गुंतवणूक कंपनीला विकायचं ठरवलं. किंमत, कर्ज धरून, सुमारे ९ अब्ज डॉलर.