बोट मेल : मद्रास ते कोलंबो, एका तिकिटावर

[दृश्य : चेन्नई एग्मोर, संध्याकाळ]

एग्मोरहून रोज संध्याकाळी रामेश्वरमला एक गाडी सुटते. क्रमांक 16851. पण फलाटावर कुणालाही विचारा, तो म्हणेल, बोट मेल. आता या गाडीला पुढे बोट मिळत नाही. त्याला चाळीस वर्षं होऊन गेली.

1914 साली पांबनचा पूल झाला आणि रूळ समुद्र ओलांडून रामेश्वरच्या बेटावर पोचले. बेटाच्या पार टोकाला, धनुष्कोडीच्या धक्क्यावर, ते संपायचे. मद्रासला संध्याकाळी बसायचं, दुसऱ्या दिवशी धनुष्कोडीला उतरायचं. समोर आगबोट तयार. पस्तीसेक किलोमीटर पाणी ओलांडलं की तलैमन्नार. तिथेही धक्क्यालाच लागून सिलोन, म्हणजे आजच्या श्रीलंकेच्या, सरकारची गाडी उभी. रात्रभर झोप काढली की सकाळी कोलंबो. तिकीट एकच. इकडे मीटरगेज, तिकडे ब्रॉडगेज, त्यामुळे डबेच बोटीवर चढवून पलीकडे न्यायचा प्रश्नच नव्हता. सामान हमालाच्या डोक्यावर द्यायचं आणि आपण मागून चालायचं. बोटींची नावं कर्झन, एल्गिन, हार्डिंज. लाटसाहेबांची नावं, दुसरं काय!

[दृश्य : रामेश्वरचं देऊळ, समुद्रकाठ]

आपल्याकडे रामेश्वर म्हणजे यात्रेचं टोक. काशीची गंगा आणून इथे ओतायची, सेतूची वाळू घेऊन मागे फिरायचं. नाथांची कावड याच वाटेवरची. त्यातली गंगा वाटेत एका तहानलेल्या गाढवाच्या तोंडी गेली. पण जिथे यात्रेकरूची वाट संपायची, तिथे बोट मेलच्या तिसऱ्या वर्गातल्या कितीतरी जणांची जेमतेम अर्धी झालेली असायची. ते निघालेले असायचे सिलोनच्या चहाच्या मळ्यांवर.

या मार्गाची गोष्ट सांगताना सगळे वादळाने उद्ध्वस्त झालेल्या धनुष्कोडीपाशी रेंगाळतात. मोडकं चर्च दिसतंही छान. मला विचाराल तर कॅमेरा आधी मंडपमला लावायला हवा. पुलाच्या अलीकडचं, मुख्य भूमीवरचं हे गाव.

[दृश्य : मंडपम, रेल्वेमार्गालगतची वस्ती]

मंडपमला सिलोन सरकारची छावणी होती. जमीन भारताची, कारभार त्यांचा. कॉलरा, प्लेग, देवी सिलोनमध्ये जाऊ नयेत म्हणून मजुरांना इथे उतरवून घेत. तपासणी, टोचणी, कपड्यांचं निर्जंतुकीकरण आणि काही दिवस मुक्काम. मजुरांना गावाकडून आणणारा मुकादम, म्हणजे कंगाणी, सोबत असायचा. मजुराच्या गळ्यात दोऱ्यात ओवलेला पत्र्याचा बिल्ला. त्यावर मळ्याचा ठावठिकाणा सांगणारी अक्षरं आणि आकडे ठोकलेले. बिल्ला दाखवला की गाडीचं, बोटीचं भाडं द्यावं लागत नसे. ते मळ्याच्या खात्यावर पडायचं. फुकट मात्र नव्हे. मळ्याच्या खात्यावरची रक्कम पुष्कळदा मजुराच्याच नावावर कर्ज म्हणून चढायची, आणि कामाला हात लावण्याआधी माणूस देणेकरी व्हायचा.

1948 साली सिलोन स्वतंत्र झालं, आणि त्याच वर्षीच्या नागरिकत्व कायद्याने मळ्यांवरचे बहुसंख्य तमिळ कुठल्याच देशाचे राहिले नाहीत. 30 ऑक्टोबर 1964 ला शास्त्रीजी आणि सिलोनच्या पंतप्रधान सिरिमावो बंदरनायके यांच्यात करार झाला. सव्वापाच लाख माणसं भारताने घ्यायची, तीन लाख सिलोनने ठेवायची, उरलेल्या दीड लाखांचं नंतर बघू.

करारावरची शाई वाळायच्या आत, 22 डिसेंबरच्या रात्री, चक्रीवादळ आलं. धनुष्कोडीला निघालेली पॅसेंजर प्रवाशांसकट लाटांनी गिळली. गाव पुन्हा वसलं नाही. पांबनच्या पुलाचे 145 पैकी 126 गर्डर वाहून गेले. 46 दिवसांत पूल उभा करणारे तरुण अभियंते म्हणजे ई. श्रीधरन. हो, आपल्या कोकण रेल्वेचे तेच.

[दृश्य : तलैमन्नारचा जुना धक्का]

बोट मग रामेश्वरमहून सुटू लागली, आणि मुख्य वाहतूक उलटी झाली. ज्यांच्या आज्या-पणज्या गळ्यात बिल्ला घालून गेल्या, ती माणसं ट्रंका-गाठोडी घेऊन अशा देशात 'परत' येत होती, जो त्यांच्यातल्या अनेकांनी पाहिलेलाही नव्हता. ऐंशीच्या दशकात श्रीलंकेत यादवी पेटली आणि बोट बंद पडली. मंडपमची छावणी काही बंद पडली नाही. आता तिथे युद्धातून जीव वाचवून आलेले निर्वासित उतरू लागले.

2015 मध्ये तलैमन्नारच्या धक्क्यापर्यंत रूळ पुन्हा पोचले. काम इर्कॉन या आपल्या सरकारी कंपनीने केलं. एप्रिल 2025 मध्ये पांबनचा नवा पूल सुरू झाला. दोन्ही काठांवर रूळ आहेत, मधली बोट तेवढी नाही. 2023 मध्ये नागपट्टिणम ते कांकेसंतुरै फेरी सुरू झाली, पण ती जाफन्याकडची वेगळी वाट. रामेश्वरम–तलैमन्नार बोटीसाठी प्रयत्न करू, असं दोन्ही सरकारांनी डिसेंबर 2024 मध्ये म्हटलं आहे.

मंडपमच्या छावणीत आजही श्रीलंकेतून आलेली कुटुंबं राहतात. बोट सुरू व्हायचीच असेल, तर पर्यटकांच्या आधी त्यांना विचारायला हवं : जायचंय का? आणि गेलात तर परत येता येईल, असा कागद कुणी हातात ठेवलाय का?