सिगारेट सुटली, आता खायचं काय?

(दृश्य: सकाळ. मिसळीच्या हॉटेलाबाहेरची पानटपरी.)

कोल्हापुरात मिसळ हाणून माणूस थेट घरी जात नाही. आधी चहा, मग टपरी, मग झुरका. सिगारेट सोडणाऱ्याला सगळ्यात जास्त नडते ती हीच वेळ. पोट भरलं की बोटं आपोआप खिसा चाचपतात.

(दृश्य: जेवणाचं ताट, दोन वाट्यांतून वाफ.)

सोडल्यावर काही दिवसांतच चव आणि वास परतू लागतात. इतकी वर्षं तांबड्या रश्श्याचा नुसता जाळ कळायचा. आता त्यातलं भाजलेलं खोबरं वेगळं लागतं, तीळ वेगळे. मग वाटीवर वाटी रिचते. निकोटीन भूक मारायचं, शरीराला थोडे जास्त उष्मांक जाळायला लावायचं. तेही थांबलं. म्हणून पहिल्या वर्षात वजन सरासरी चार-पाच किलोंनी वाढतं. तेवढ्याला घाबरून पुन्हा पेटवणं म्हणजे शुद्ध आतबट्ट्याचा व्यवहार. आणि याच काळात कडक डाएटही नको. उपाशी पोटी तलफ जास्त छळते. वेळेवर भाकरी, मुगाची उसळ, मेथी, काकडी, भरपूर पाणी. सिगारेट सुटल्यावर अनेकांचं पोट साफ होईनासं होतं, त्यालाही हाच उतारा.

(दृश्य: संध्याकाळ. गंगावेशीतला दूधकट्टा.)

म्हैस रवंथ करत उभी. चरवीत धारा वाजतात, फेस काठावर येतो, आणि ग्लास तसाच हातात. कोल्हापूरच्या पैलवानांचा हा जुना खुराक. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या २००७ सालच्या अभ्यासात सिगारेट ओढणाऱ्यांनीच सांगितलं होतं, की दुधावर सिगारेट बेचव लागते. फळं आणि भाज्यांवरही तेच. कॉफी, दारू आणि मांसाहारावर मात्र ती रंगते. धारोष्ण दूध सोसत नसेल तर घरी उकळून प्या, त्यात कमीपणा नाही.

(दृश्य: टपरीवर उकळता चहा.)

आता चहा. सिगारेटच्या धुरामुळे यकृत कॅफिनचा फडशा लवकर पाडतं. धूर थांबला की नेहमीचाच चहा अंगात जास्त वेळ रेंगाळतो. छातीत धडधड, चिडचिड, रात्री टक्क जाग. आणि दोष जातो सिगारेट सोडण्याला! दिवसाचे कप निम्मे करून बघा.

(दृश्य: कपिलतीर्थ मंडई. पेरूचे ढीग.)

धूम्रपानात क जीवनसत्त्व जास्त खर्ची पडतं. ओढणाऱ्याला रोज ३५ मिलिग्रॅम जादा लागतं असं मानतात. अर्ध्या पेरूत तेवढं निघतं, वर तिखटमीठ लावून चघळण्यात तलफेची पाच-दहा मिनिटंही सरतात. गाजरं खुशाल खा, पण त्यांच्यातल्या बीटा कॅरोटीनच्या गोळ्या नकोत. फिनलंडमधल्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष १९९४ साली आले. धूम्रपान करणाऱ्यांत या गोळ्यांनी फुफ्फुसाचा कॅन्सर कमी व्हायचा सोडून वाढलाच होता.

(दृश्य: जेवण उरकलेली पंगत.)

हात धुतला की लगेच चार पावलं चाला. तोंडात बडीशेप चालेल, लवंग चालेल. मावा नको, सिगारेट सोडून माव्याला लागलेले इथं गल्लोगल्ली भेटतात, आणि तंबाखू त्यातही तीच. तलफ आवरेनाच, तर १८००-११-२३५६ ही राष्ट्रीय तंबाखूमुक्ती हेल्पलाइन आहे. फोन फुकट लागतो.